माध्यमाच्या प्रश्नातून जन्मलेला पक्ष : गोवा सुरक्षा मंचाची ध्येये आणि मर्यादा

गोव्यात निवडणूक जवळ आली की नवे पक्ष उगवतात आणि निकालाच्या संध्याकाळी त्यांतील बहुतेक मावळतात, हे मतदारांच्या अंगवळणी पडले आहे. उमेदवारी हुकलेला नेता, फुटलेला गट किंवा राज्याबाहेरून आलेले पाठबळ, यांपैकी एखादे कारण सहसा त्यामागे असते. २०१६च्या ऑक्टोबर महिन्यात स्थापन झालेला गोवा सुरक्षा मंच मात्र या साच्यात बसणारा नव्हता. त्याच्या मुळाशी शाळेचा एक साधा प्रश्न होता. पहिली ते चौथीच्या मुलाला सरकारी तिजोरीतील पैशाने कोणत्या भाषेतून शिकवावे?

या पक्षाला विधानसभेची एकही जागा कधी मिळाली नाही. तरीही त्याची कहाणी समजून घेण्यासारखी आहे. एखादा छोटा, परंपरानिष्ठ पक्ष कशासाठी स्थापन होतो, आपले यश तो कशात मोजतो आणि हाती सत्ता नसताना त्याला नेमके काय साधता येते, याचे उत्तर या कहाणीत सापडते. शिवाय ज्या प्रश्नावर हा पक्ष उभा राहिला, तो प्रश्न गोव्यातील प्रत्येक घरासमोर मुलाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी आजही उभा असतो.

येथे 'परंपरानिष्ठ' हा शब्द जाणीवपूर्वक योजला आहे. मराठीत अशा पक्षांना 'पुराणमतवादी' म्हणण्याचा प्रघात आहे. पण त्या शब्दात दूषण दडलेले असते. समाजाने जे जपले ते टिकावे, बदल व्हायचाच असेल तर तो मुळांना धक्का न लावता व्हावा, अशी ज्या पक्षाची धारणा असते तो परंपरानिष्ठ, एवढाच अर्थ येथे अभिप्रेत आहे. ही धारणा योग्य की अयोग्य, हा निवाडा वाचकाचा.

वादाचे मूळ

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६३च्या पहिल्या निवडणुकीनंतर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत गावोगावी सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या आणि त्यांचे माध्यम बहुतांशी मराठी होते. बहुजन समाजातील पहिली शिकलेली पिढी याच शाळांतून बाहेर पडली. गोव्यातील मराठीविषयीच्या आत्मीयतेचे एक मोठे कारण या शाळांत आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे भाषेचा वाद मराठी आणि कोकणी यांच्यात रंगला. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. १९८७ साली राजभाषा कायदा झाला. देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा ठरली आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापरालाही मुभा मिळाली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोवा घटकराज्य झाले. या प्रवासात मराठीवादी आणि कोकणीवादी एकमेकांचे कट्टर विरोधक म्हणून ओळखले गेले.

१९९० साली शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे धोरण ठरले. मातृभाषेतून किंवा प्रादेशिक भाषेतून शिकवणाऱ्या प्राथमिक शाळांनाच सरकारी अनुदान मिळेल, असे त्याचे सूत्र होते. इंग्रजी शाळांवर बंदी नव्हती. फक्त त्यांचा खर्च सरकार करणार नव्हते. या धोरणानंतर चर्चशी संलग्न संस्थांच्या अनेक प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले.

या धोरणाचा आवाका लक्षात घेणे आवश्यक आहे. गोव्यातील बहुतेक शाळांत पाचवीपासून इंग्रजी माध्यमच असते. म्हणजे वाद होता तो अवघ्या चार इयत्तांचा. मातृभाषेच्या समर्थकांच्या मते हीच चार वर्षे पाया घालणारी असल्याने ती मातृभाषेची असावीत. विरोधकांचे म्हणणे असे की, पाचवीत इंग्रजी अटळच असेल, तर मुलाला चार वर्षे उशिरा त्या भाषेत का ढकलायचे? दोन्ही बाजू एकाच वस्तुस्थितीवरून परस्परविरोधी निष्कर्ष काढत होत्या.

जुने विरोधक एका व्यासपीठावर

दोन दशके हे धोरण टिकले. २०११ साली दिगंबर कामत यांच्या नेतृत्वाखालील काँग्रेस सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय घेतला. इंग्रजी माध्यमाची मागणी करणाऱ्या पालकांनी त्याचे स्वागत केले, तर भाषाप्रेमींमध्ये तीव्र प्रतिक्रिया उमटली. या असंतोषातून भारतीय भाषा सुरक्षा मंच आकाराला आला.

या मंचाचे वैशिष्ट्य त्याच्या व्यासपीठावरच दिसत होते. एका बाजूला माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर, म्हणजे भाऊसाहेबांच्या कन्या आणि मराठीवादी राजकारणाचा चेहरा. दुसऱ्या बाजूला उदय भेंब्रे आणि पुंडलिक नायक, म्हणजे कोकणी चळवळीतील अग्रणी. विलीनीकरणाच्या वादात भेंब्रे यांनी 'राष्ट्रमत'मधून विलीनीकरणविरोधी लेखन केले होते. नायक हे १९८५ ते १९८७च्या राजभाषा आंदोलनातील प्रमुख नाव. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांविरुद्ध सभा गाजवल्या, ते आता एकाच मागणीसाठी शेजारी बसले. मराठी आणि कोकणी यांतील स्पर्धा मोठी की दोघींवरचे इंग्रजीचे सावट मोठे, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर एक झाले होते.

या चळवळीची संघटनात्मक सूत्रे प्रामुख्याने सुभाष वेलिंगकर यांच्याकडे होती. ते राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे गोवा विभाग संघचालक होते. शाखांचे जाळे आणि गावपातळीवरचे कार्यकर्ते त्यांच्यामागे असल्याने सभा, मोर्चे आणि धरणी यांना बळ मिळाले.

विश्वास आणि दुरावा

मार्च २०१२च्या निवडणुकीत मातृभाषेतून शिक्षण हा प्रचाराचा महत्त्वाचा मुद्दा ठरला. भारतीय जनता पक्षाने २१ जागा जिंकल्या, मित्रपक्ष मगोला ३ मिळाल्या आणि मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री झाले. भाषा सुरक्षा मंचाच्या कार्यकर्त्यांची अपेक्षा सरळ होती. सरकार आपले आहे, तेव्हा इंग्रजी शाळांचे अनुदान बंद होईल.

सरकारने मात्र मधला मार्ग पत्करला. मराठी आणि कोकणी शाळांना प्रोत्साहन देण्याचे धोरण ठेवतानाच, अल्पसंख्याक संस्थांच्या, म्हणजे मुख्यतः चर्चशी संलग्न शाळांचे अनुदान त्या इंग्रजी माध्यमात गेल्यानंतरही चालू ठेवले. अशा शाळांची संख्या शंभराहून अधिक होती. या निर्णयामागचे राजकीय गणित उघड होते. २०१२च्या विजयात ख्रिस्ती मतदारांचाही वाटा होता आणि भाजपचे काही आमदारही ख्रिस्ती समाजातील होते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये पर्रीकर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि लक्ष्मीकांत पार्सेकर मुख्यमंत्री झाले. धोरण बदलले नाही. भाषा सुरक्षा मंचाचे आंदोलन पुन्हा पेटले आणि यावेळी त्याचा रोख काँग्रेसकडे नव्हे, तर भाजपकडे होता. ऑगस्ट २०१६ मध्ये भाजपचे तत्कालीन राष्ट्रीय अध्यक्ष अमित शहा गोव्यात आले असता त्यांना काळे बावटे दाखवण्यात आले. त्याच महिन्याच्या अखेरीस संघाने वेलिंगकर यांना पदमुक्त केले. संघाचा पदाधिकारी राजकीय कार्य करू शकत नाही, अशी संघाची भूमिका होती. शेकडो स्वयंसेवकांनी वेलिंगकर यांची बाजू घेतली आणि संघाच्या गोव्यातील इतिहासात अभूतपूर्व अशी फूट पडली. पुढे काही आठवड्यांतच गोवा सुरक्षा मंच हा राजकीय पक्ष जाहीर झाला.

पक्षाची ध्येये काय होती?

मंचाच्या भूमिकेचे तीन पदर दिसतात.

पहिला शैक्षणिक. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच व्हावे आणि सरकारी अनुदान मराठी व कोकणी शाळांपुरते मर्यादित राहावे. इंग्रजी हा विषय शिकवण्याला विरोध नव्हता. इंग्रजी हे माध्यम असण्याला आणि त्याचा भार सरकारी तिजोरीवर टाकण्याला होता. या भूमिकेला कायद्याचाही काही आधार होता. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात, शक्य तेथवर शिक्षणाचे माध्यम मुलाची मातृभाषा असावे, असे कलम २९ मध्ये म्हटले आहे.

दुसरा पदर सांस्कृतिक. शाळेतून भाषा गेली की आधी वाचक जातो, मग पुस्तक आणि वृत्तपत्र जाते, नंतर नाटक, कीर्तन आणि भजनाचा श्रोता जातो, अशी या मंडळींची धारणा होती. गोव्याची ओळख समुद्रकिनाऱ्यांपुरती उरू नये, असे सांगताना ते भाषेला त्या ओळखीचा कणा मानत होते. पक्षाच्या नावातील 'सुरक्षा' हा शब्द याच भावनेतून आला होता.

तिसरा पदर नैतिक आणि राजकीय होता. निवडणुकीत तोच सर्वाधिक ऐकू आला. दिलेले वचन मोडणाऱ्या सत्ताधाऱ्यांना धडा शिकवणे. पक्षाचे संस्थापक ज्या विचारपरिवारात वाढले, त्याच परिवारातील पक्षाविरुद्ध ते उभे ठाकले होते. त्यामुळे हा केवळ धोरणाचा वाद राहिला नाही. आपल्याच माणसांनी केलेल्या विश्वासघाताची चीड त्यात मिसळली.

दुसरी बाजू

मंचाची मागणी एकतर्फी ऐकली तर चित्र अपुरे राहते. तिच्या विरोधात मांडले गेलेले मुद्देही वजनदार होते.

पहिला मुद्दा पालकांच्या निवडीचा. ६ मे २०१४ रोजी कर्नाटकच्या भाषाधोरणासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणात मातृभाषेची सक्ती सरकार करू शकत नाही. सक्ती आणि अनुदान या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मंचाचे उत्तर होते आणि तर्काला धरून होते. मात्र ज्या पालकाला खासगी शाळेची फी परवडत नाही, त्याच्या दृष्टीने अनुदान नाकारणे आणि निवड नाकारणे यांत फारसा फरक उरत नाही.

दुसरा मुद्दा समानतेचा. मुलांना इंग्रजी शाळेत पाठवणे सधन घरांना कधीच अवघड नव्हते. मग मातृभाषेचा आग्रह फक्त गरिबाच्या मुलापुरताच का, असा प्रश्न विचारला गेला आणि भाषाप्रेमींना त्याला तोंड देणे सोपे नव्हते.

तिसरा मुद्दा लिपीचा. गोव्यातील ख्रिस्ती समाजाचे कोकणी वाचन-लेखन प्रामुख्याने रोमी लिपीत चालते. चर्चमधील प्रार्थना आणि तियात्र यांची परंपरा त्याच लिपीत वाढली. शाळेतील कोकणी मात्र देवनागरीत होती. ज्या लिपीशी घराचा संबंध नाही, तिला मातृभाषेचे शिक्षण म्हणायचे का, असा त्या पालकांचा सवाल होता. इंग्रजीकडे वळण्याचे हे एक कारण होते आणि त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही.

याउलट मंचाचा एक आक्षेपही तितकाच सयुक्तिक होता. संविधानाच्या अनुच्छेद ३० नुसार, अनुदान देताना एखादी संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून तिच्याशी भेदभाव करता येत नाही. पण इंग्रजी माध्यमाला अनुदान अल्पसंख्याकांच्या शाळांना द्यायचे आणि इतरांना नाही, हे कोणत्या न्यायात बसते? सरकारच्या मधल्या मार्गात हा अंतर्विरोध होताच.

२०१७चा कौल

२०१७च्या जानेवारीत मगोने भाजप सरकारचा पाठिंबा काढून घेतला आणि मगो, गोवा सुरक्षा मंच व शिवसेना यांची युती झाली. मगोचे सुदिन ढवळीकर हे युतीचे मुख्यमंत्रिपदाचे उमेदवार होते. मंचाच्या वाट्याला मोजक्याच जागा आल्या. वेलिंगकर स्वतः निवडणुकीला उभे राहिले नाहीत.

११ मार्चला निकाल लागला. काँग्रेस १७, भाजप १३, मगो ३, गोवा फॉरवर्ड ३, राष्ट्रवादी काँग्रेस १ आणि अपक्ष ३. मंचाला एकही जागा मिळाली नाही आणि राज्यभरातील त्याची मते एक टक्क्याच्या आसपास राहिली. भाजप २१ वरून १३ वर घसरला आणि मुख्यमंत्री पार्सेकर मांद्रेत पराभूत झाले. मंचाच्या कार्यकर्त्यांनी यात आपले यश पाहिले. पण अवघ्या तीन दिवसांत चित्र पालटले. मगो आणि गोवा फॉरवर्ड यांच्या पाठिंब्याने पर्रीकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. ज्या सरकारला धडा शिकवायचा म्हणून युती झाली, त्याच पक्षाच्या सरकारात युतीतला मोठा भागीदार मंत्रिपदे घेऊन बसला. एकही आमदार नसलेल्या मंचाला पाहत राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढची वाट उताराची होती. ऑगस्ट २०१७ मध्ये पणजीच्या पोटनिवडणुकीत पर्रीकरांविरुद्ध मंचाचे आनंद शिरोडकर उभे राहिले आणि त्यांना २२० मते पडली. पर्रीकरांच्या निधनानंतर मे २०१९ मध्ये त्याच मतदारसंघात स्वतः वेलिंगकर रिंगणात उतरले. त्यांना पाचशेच्या आसपास मते मिळाली. त्या निवडणुकीत भाजपने १९९४ पासून राखलेली पणजी काँग्रेसच्या बाबूश मोन्सेरात यांनी जिंकली. संतापाची लाट ओसरली होती आणि भाषेच्या प्रश्नावर मत मागणाऱ्याकडे शहराने पाठ फिरवली होती.

छोट्या पक्षाचे गणित

मंचाच्या अपयशाचा सगळा दोष त्याच्या माथी मारणे योग्य नाही. आपल्या निवडणूक पद्धतीत मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा एकच उमेदवार निवडून येतो. बाकीच्यांची मते हिशेबातून जातात. २०१७चेच आकडे पाहा. भाजपला सुमारे साडेबत्तीस टक्के मते मिळून १३ जागा मिळाल्या, तर काँग्रेसला सुमारे साडेअठ्ठावीस टक्के मतांवर १७. आम आदमी पक्षाला सहा टक्क्यांहून अधिक मते पडूनही एकही जागा मिळाली नाही, तर साडेतीन टक्क्यांच्या गोवा फॉरवर्डने तीन जिंकल्या. मते किती, यापेक्षा ती कोठे एकवटली आहेत, याला महत्त्व असते. २०२२ साली रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षाने नऊ टक्क्यांहून अधिक मते घेतली आणि जागा मिळाली एक. भाषेचा प्रश्न तर राज्यभर विखुरलेला. सर्वत्र थोडा, एकवटलेला कोठेच नाही.

जेथे मतांच्या प्रमाणात जागा मिळतात, तेथे छोट्या पक्षाचे आयुष्य वेगळे असते. नेदरलँड्समध्ये १९१८ साली स्थापन झालेला एसजीपी हा कट्टर धर्मनिष्ठ पक्ष १९२२ पासून सातत्याने संसदेत आहे. १५० पैकी साधारण तीन जागा, यापलीकडे त्याची मजल सहसा जात नाही. सत्तेची त्याला घाई नसते; आपली श्रद्धा संसदेत बोलून दाखवणे हेच तो आपले कर्तव्य मानतो.

ब्रिटनचा दाखला याहून बोलका आहे. तेथील निवडणूक पद्धत आपल्यासारखीच. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मागणी करणाऱ्या यूकिप या पक्षाला २०१५ साली सुमारे ३८ लाख ८० हजार मते मिळाली आणि ६५० जागांच्या सभागृहात जागा मिळाली एक. तरीही वर्षभरात सार्वमत झाले आणि ब्रिटनने बाहेर पडण्याचा कौल दिला. कारण हुजूर पक्षाला आपली मते या छोट्या पक्षाकडे वळण्याची धास्ती होती आणि त्या धास्तीतूनच सार्वमताचे आश्वासन दिले गेले. जागा न जिंकताही छोटा पक्ष आपले ध्येय मोठ्या पक्षाच्या गळी उतरवू शकतो. मात्र त्यासाठी मोठ्या पक्षाला वाटणारी भीती खरी असावी लागते. गोव्यात ती भीती एका निवडणुकीपुरती होती. मंचाची मते मोजून झाली आणि भीती संपली.

इंदूरचा धडा

छोट्या परंपरानिष्ठ पक्षांचे पुढे काय होते, हे पाहायला परदेशीच जावे लागते असे नाही. मराठी माणसाच्या दृष्टीने त्याचे चांगले उदाहरण माळव्यात आहे.

इंदूरच्या पश्चिम भागात सुमारे २५ फूट उंचीच्या गणेशमूर्तीमुळे प्रसिद्ध असलेला बडा गणपती आहे. तेथून राजवाड्याकडे जाणारा सगळा जुना इंदूर होळकरांच्या काळापासून मराठी कुटुंबांच्या ओळखीचा. १९४८ ते १९५६ या काळात इंदूर मध्य भारत या राज्यात होते. १९५२च्या निवडणुकीत त्या राज्याच्या ९९ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला ७५, तर हिंदू महासभेला ११, जनसंघाला ४ आणि रामराज्य परिषदेला २ जागा मिळाल्या. परंपरेचे नाव घेणारे तीन छोटे पक्ष एकाच वेळी रिंगणात होते. लोकसभेला तर महासभेचे विष्णु घनश्याम देशपांडे गुणा आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही ठिकाणी विजयी झाले.

पण हे यश टिकले नाही. १९५७ साली गुणा येथे विजयाराजे सिंधिया यांनी काँग्रेसच्या उमेदवार म्हणून देशपांडे यांचा पराभव केला. पुढे त्याच जनसंघाच्या अग्रणी नेत्या झाल्या. महासभा आटत गेली, रामराज्य परिषद जनसंघात विलीन झाली, आणि जनसंघाच्या परंपरेतून आलेला भाजप या भागातील मुख्य पक्ष बनला. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन १९८९ पासून सलग आठ वेळा इंदूरमधून लोकसभेवर निवडून आल्या. चार जागांपासून सुरू झालेली वाट सत्तेपर्यंत पोहोचली.

या यशात मराठीचे काय झाले, हे पाहिले की गोव्यातील वाचकाने थांबून विचार करावा. इंदूरने १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन मराठी साहित्य संमेलने भरवली. गणेशोत्सव, नाट्यप्रयोग आणि मंडळांचे कार्यक्रम यांतून मराठी तेथे जिवंत आहे. पण मराठी घरांतील बहुतेक मुलांचे शालेय शिक्षण हिंदी किंवा इंग्रजीतून होते. आजीशी मराठीत बोलणारे मूल मराठी पुस्तकाचे पान सहज वाचू शकेलच असे नाही. त्या पक्षांनी मराठी शाळांचे वचन कधी दिले नव्हते, त्यामुळे हा त्यांचा दोष नव्हे. मात्र पक्ष वाढला म्हणून भाषा वाढत नाही आणि पक्ष संपला म्हणून भाषा संपत नाही, दोघांच्या वाटा वेगळ्या असतात, एवढे यातून स्पष्ट होते.

मंचाने काय साधले?

मग गोवा सुरक्षा मंचाचा हिशेब कसा मांडावा? जागांच्या हिशेबात तो शून्य ठरतो. वेलिंगकरांच्या बाजूने संघातून बाहेर पडलेला गट निवडणुकीनंतर पुन्हा मूळ संघटनेत परतला आणि पक्षाची खरी ताकद असलेले कार्यकर्त्यांचे जाळे त्याच्या हातून गेले. अनुदानाचे धोरण बदलले नाही.

तरी दोन गोष्टी त्याच्या खात्यावर जमा होतात. मराठी आणि कोकणी यांची बाजू एकत्र मांडता येते, हे भाषा सुरक्षा मंचाने दाखवले आणि पुढे त्यातून निघालेल्या पक्षाने ती मागणी मतपेटीपर्यंत नेली. गोव्याच्या भाषिक इतिहासात हे नवे होते. दुसरे म्हणजे, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम ही केवळ शिक्षण खात्याची बाब नसून तिला राजकीय किंमत आहे, हे सत्ताधाऱ्यांच्या लक्षात आले. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षणाची शिफारस केली, तेव्हा गोव्यात तो मुद्दा कोणाला नव्याने समजावून सांगावा लागला नाही.

चूक कोठे झाली, याचेही उत्तर या प्रवासातच आहे. मंचाने आपले ध्येय एका पक्षाला पराभूत करण्याशी बांधून टाकले. सूड ही एका निवडणुकीची गोष्ट असते. शाळा ही पिढीची. २०१७ साली सूड पुरा झाला असे ज्यांना वाटले, त्यांना २०१९ मध्ये मंचाला मत देण्याचे कारण उरले नाही. दुसरी उणीव अधिक खोल होती. अनुदान कोणाला मिळू नये, हे मंचाने ठामपणे सांगितले. पण मराठी आणि कोकणी शाळा पालकाला स्वतःहून निवडावीशी कशी वाटेल, हे तितक्या ठामपणे मतदारापर्यंत पोहोचले नाही. चांगला शिक्षक, पक्की इमारत, जाण्यायेण्याची सोय आणि इंग्रजी विषयाची उत्तम तयारी, या गोष्टी घोषणेत बसत नाहीत. पण पालकाचा निर्णय त्यांवरच ठरतो.

गोव्यात पटसंख्येअभावी सरकारी प्राथमिक शाळा बंद पडण्याची बातमी आता नवी राहिलेली नाही. भाऊसाहेबांच्या काळात उभ्या राहिलेल्या शाळांपैकी काहींना आज कुलूप आहे. त्या शाळा कोणत्याही पक्षाने ठरवून बंद केल्या नाहीत. एकेका घराने एकेका वर्षी वेगळा निर्णय घेतला आणि वर्ग रिकामे होत गेले. त्या घरांत मराठीचा अभिमान बाळगणारी घरेही होती. छोटा पक्ष हा प्रश्न विचारू शकतो आणि गोवा सुरक्षा मंचाने तो मोठ्या आवाजात विचारला. त्याचे उत्तर मात्र मतदान केंद्रात मिळणारे नाही. ते गावातल्या शाळेच्या पटावर लिहिले जाते.